बांधीत मधेच खुजे राहिलेले चूड: विषाणू की आणखी काही?

गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगाव तालुक्यातून एका शेतकरी बंधूंनी विचारलं आहे: रोवणीला पस्तीस दिवस झाले. बांधीत (धानाच्या वाफ्यात) मधेमधे काही चूड, म्हणजे एका जागी रोवलेल्या रोपांचे झुबके, गुडघ्याच्या खालीच राहिलेत, काहींची पानं पिवळी-नारिंगी दिसतात, बाजूचे मात्र चांगले वाढलेत. गावातला एक जण म्हणतो बियाणं बोगस, दुकानदार म्हणतो व्हायरस आहे, दोन औषधं एकत्र करून मारा. पंजाबात २०२२ साली धान खुजं राहिलं होतं, तोच रोग इकडे आला का? आणि गेल्या रब्बीत मंगळवेढ्याच्या साडूच्या ज्वारीत पानांवर पांढरट पट्टे येऊन ताटं बुटकी राहिली, तेही यातलंच का?

आधी पंप खाली ठेवा. दोन-चार खुजे चूड आणि त्यांच्या शेजारचे दोन चांगले चूड मुळासकट उपटा, पाण्यात धुवा, धुऱ्यावर (बांधावर) शेजारी शेजारी मांडा आणि मग पुढचं वाचा.

असं सांगतो, कारण ही चूक मी स्वतः केली आहे. नोकरीच्या सुरुवातीला एका शेतकऱ्याने ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून पिवळी पानं आणली होती. मी नुसती पानं बघितली आणि मोठ्या रुबाबात विषाणू असल्याचं सांगून टाकलं. आठ दिवसांनी त्याच्या शेतात गेलो तर बांधी खोलगट, पाणी महिनाभर कोंडलेलं, मुळं काळी आणि हाताला सडक्या अंड्याचा वास. पाणी सोडून दिलं, जमीन थोडी भेगाळू दिली, धान पुन्हा हिरवं झालं. विषाणू लागलेलं रोप असं परत येत नाही. तेव्हापासून मुळं बघितल्याशिवाय मी तोंड उघडत नाही.

तुमच्या बांधीत पहिली गोष्ट बघायची ती नक्षी. एका बाजूचा, उताराचा किंवा पाणी साचणारा अख्खा पट्टाच पिवळा असेल तर दोष बहुधा जमिनीचा, पाण्याचा नाहीतर खताचा. रोवणीनंतर तीन-चार आठवड्यांत जुन्या पानांवर गंजासारखे तपकिरी ठिपके आले आणि वाढ थांबली, तर तो खैरा, म्हणजे जस्ताची कमतरता. त्याला अर्धा टक्का झिंक सल्फेट आणि पाव टक्का चुना एकत्र फवारला की काम होतं. विषाणूची नक्षी वेगळी असते. एक चूड खुजा, त्याला चिकटून असलेला ठणठणीत, पुन्हा चार पावलांवर दोन खुजे. कारण विषाणू वाहणारं पाखरू, म्हणजे रस शोषणारा छोटा किडा, एका चुडावरून दुसऱ्यावर उडी मारतं, सगळ्या बांधीवर सारखं बसत नाही.

पण अशीच विखुरलेली नक्षी गादमाशीचीही असते, आणि तुमच्या भागात तिचा संशय सगळ्यात आधी घ्यावा लागतो. चूड खुजा, फुटवे भरपूर, पण मधला पोंगा कांद्याच्या पातीसारखा पोकळ आणि चंदेरी झालेला. तो चिमटीत धरून उकला. आत अळी, कोष किंवा माशी निघून गेल्याचं भोक सापडेल. सापडलं तर हा लेख इथेच मिटवा आणि पुढच्या हंगामासाठी गादमाशीला दाद न देणारा वाण सिंदेवाही किंवा साकोलीच्या संशोधन केंद्राकडे विचारा.

पोंगा ठीक आहे, मुळं पांढरी आहेत, खैऱ्याचे ठिपके नाहीत, तरी चूड खुजा आहे असं असेल, तर विषाणूचा विचार करू. धानाला दोन निरनिराळ्या घरांतून तो येऊ शकतो आणि दोघांची ठेवण अगदी वेगळी.

पहिला टुंग्रो. हा शब्द फिलिपिन्सच्या इलोकानो भाषेतला, अर्थ साधारण खुंटलेली, खालावलेली वाढ. हा रोग तुडतुड्यांमार्फत पसरतो हे १९६३ साली तिथल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेत दिसून आलं. भारतात १९६९ मध्ये पूर्व उत्तर प्रदेश आणि बिहारात त्याने मोठा फटका दिला. तैचुंग नेटिव्ह १ सारखे बुटके, खताला चटकन प्रतिसाद देणारे नवे वाण तेव्हा शेतात आले होते आणि हा वाण टुंग्रोला अगदीच बळी पडणारा. टुंग्रोत पान टोकाकडून खाली पिवळं-नारिंगी होत येतं, कोवळ्या पानांवर फिकट चट्टे दिसतात, फुटवे कमी होतात, निसवण लांबते, लोंब्या अर्ध्या बाहेर अर्ध्या आत अडकतात.

टुंग्रोची एक गंमत आहे. तो एक विषाणू नाही, दोन आहेत. त्यांतला दंडाकृती विषाणू पानं पिवळी करतो, रोप खुजं करतो, सगळं नुकसान तोच करतो. पण एकट्याने त्याला तुडतुड्यावर बसता येत नाही. दुसरा गोलाकार, एकटा असला तर रोपावर धड लक्षणंही दाखवत नाही, पण प्रवास मात्र त्याला जमतो. आंधळ्याच्या खांद्यावर पांगळा बसावा तशी ही जोडी हिरव्या तुडतुड्याच्या सोंडेतून शेत ओलांडते. केनियात बोमेट भागात २०११ साली मक्याची शेतं उभीच्या उभी वाळली, तिथेही अशीच दोन विषाणूंची युती होती. एक मुख्यतः फुलकिडे आणि भुंगेऱ्यांनी आणलेला, दुसरा माव्याने. वेगवेगळे असताना दोघंही सोसण्याजोगे होते.

टुंग्रोसाठी शेतातल्या शेतात करायची एक जुनी चाचणी आहे. उजाडायच्या आधी संशयित आणि निरोगी पानांचे शेंडे, वितीच्या निम्मे, कापून आणा. गावच्या हायस्कूलच्या प्रयोगशाळेत बटाट्यातला स्टार्च दाखवायला आयोडीनचं द्रावण असतं. त्यात पंधरा मिनिटं बुडवा आणि धुवा. निरोगी पान दिवसा बनवलेला स्टार्च रात्रीतून खाली पोचवून मोकळं होतं. टुंग्रोचं पान तो अडवून धरतं, म्हणून त्यावर गर्द निळे-काळे पट्टे उमटतात. हा इशारा समजा, निकाल नाही. निकाल प्रयोगशाळेतल्या पीसीआरचा, म्हणजे विषाणूचा जनुकीय अंश शोधणाऱ्या चाचणीचा.

दुसरा, तुम्ही म्हणता तो पंजाबचा. त्याचं नाव लांबलचक: सदर्न राइस ब्लॅक स्ट्रीक्ड ड्वार्फ व्हायरस. दक्षिण चीनमधल्या ग्वांगडोंग प्रांतात २००१ साली तो पहिल्यांदा ओळखला गेला, २००९ मध्ये तिथे आणि उत्तर व्हिएतनाममध्ये त्याचा उद्रेक झाला. पंजाब-हरियाणात २०२२ च्या खरिपात तो सापडला. लुधियानाचं पंजाब कृषी विद्यापीठ आणि दिल्लीची भारतीय कृषी संशोधन संस्था, दोघांनीही तो असल्याचं सांगितलं. तिकडेही सुरुवातीला हाच गोंधळ होता. कुणी बियाण्याला दोष दिला, कुणी जस्त टाकलं, काहींनी उभं पीक नांगरलं. यात पान पिवळं पडत नाही, उलट गर्द हिरवं, अरुंद आणि ताठ राहतं. चूड शेजारच्याच्या निम्मा किंवा तिसरा हिस्सा. खोडाच्या पेऱ्यांना वरच मुळ्या आणि फांद्या फुटतात, खोडावर आणि पानाच्या मागे शिरांवर मेणचट, नंतर काळपट गाठी हाताला लागतात. मुळं इतकी तोकडी की चूड दोन बोटांनी उपटून येतो. याचा वाहक पांढऱ्या पाठीचा तुडतुडा. तो वाऱ्यावर शेकडो किलोमीटर जातो, आणि विदर्भाच्या धानपट्ट्यात तपकिरी आणि हिरव्या भावंडांबरोबर तोही असतोच.

तुमच्या वर्णनात पिवळी-नारिंगी पानं आहेत, म्हणजे पंजाबचा रोग बसत नाही. खुजे चूड आणि पिवळे चूड एकच आहेत की वेगवेगळे, हे आधी नक्की करा. एकाच बांधीत गादमाशी आणि जस्ताची कमतरता सोबत नांदताना मी अनेकदा पाहिली आहे.

बियाण्याचा वाद तर मिटवूनच टाका. टुंग्रो बियाण्यातून येत नाही, पंजाबचा हा विषाणूही येत नाही. विक्रेत्याशी भांडायला दुसरी कारणं असतील, हे नाही.

आता औषध. दुकानदाराचं म्हणणं वरवर बरोबर वाटतं: विषाणूला औषध नाही, पण पाखरू मारलं तर रोग थांबेल. थांबेल का, हे पाखराला रोप लागण करायला किती वेळ लागतो आणि औषधाला पाखरू मारायला किती, यावर आहे. दोन घड्याळं शेजारी ठेवून बघा.

मक्यावर किंवा उसावर मोझॅक आणणारा मावा सोंडेच्या टोकावर विषाणू घेऊन येतो, चव घ्यायला सोंड टोचतो आणि काही सेकंदांत काम उरकतो. इथे फवारणी जवळजवळ निरुपयोगी, कारण औषधाने अस्वस्थ झालेला मावा जास्तच ठिकाणी टोचत फिरतो. टुंग्रोचा हिरवा तुडतुडा पाच मिनिटं ते अर्धा तास रस शोषून विषाणू उचलतो, तितक्याच वेळात दुसऱ्या रोपात सोडतो, आणि चार-पाच दिवसांत त्याच्याकडचा साठा संपतो. पिल्लाने कात टाकली तर कातेबरोबर विषाणूही जातो. शेजारच्या बांधीतून आलेला तुडतुडा तुमच्या औषधाने संध्याकाळी मरतो, पण दुपारी त्याने आपलं काम केलेलं असतं. म्हणून मोठ्या धानात टुंग्रोसाठी मारलेलं औषध समाधानापुरतं असतं, आणि तेच पऱ्ह्यात, म्हणजे रोवणीआधीच्या रोपवाटिकेत, मारलं तर खरोखर उपयोगी पडतं. तिथे जागा छोटी, रोप कोवळं, आणि लागण झालेलं एक रोप रोवणीच्या दिवशी बांधीभर वाटलं जाण्याचा धोका.

पंजाबच्या विषाणूचं घड्याळ संथ आहे. पांढऱ्या पाठीचा तुडतुडा तो काही मिनिटांत उचलतो खरा, पण लगेच देऊ शकत नाही. विषाणू आधी त्याच्या आतड्यात, मग शरीरभर वाढतो, लाळेच्या ग्रंथीत पोचतो, त्यात आठवडा ते दोन आठवडे जातात. त्यानंतर मात्र ते पाखरू जन्मभर विषाणू वाहतं. अंड्यातून पुढच्या पिढीला तो देत नाही. म्हणजे तुमच्या बांधीत जन्मलेलं पिल्लू जन्मतः निर्दोष असतं, आजारी चुडावर बसलं तरच बिघडतं, आणि बिघडल्यावरही हातात काही दिवस असतात. इथे वेळेवरच्या फवारणीला अर्थ आहे.

पाखरं अंड्यातून विषाणू देतात का, हा प्रश्न शंभर वर्षांपूर्वीही विचारला गेला. कीटक वनस्पतीचा रोग पसरवतो हे जगात पहिल्यांदा दाखवलं गेलं तेही धानावरच. जपानच्या शिगा प्रांतातल्या हात्सुझो हाशिमोतो नावाच्या शेतकऱ्याने १८८३ पासून स्वतःच्या शेतात प्रयोग करून धानाच्या खुजेपणाचा संबंध तुडतुड्यांशी जोडला. विषाणू नावाची वस्तू तेव्हा कुणाला ठाऊकही नव्हती. पुढे १९३३ मध्ये तेइकिची फुकुशी यांनी त्या रोगाचा विषाणू मादीच्या अंड्यांतून पिढ्यान् पिढ्या जातो हे सिद्ध केलं. शेतकऱ्याची नजर शास्त्रज्ञाच्या पन्नास वर्षं पुढे होती.

तुमच्या साडूची ज्वारी या अंड्यांच्या वाटेवर बसते. पोंग्यात राहणारा तो करड्या-तपकिरी रंगाचा तुडतुडा, ज्याच्या चिकट द्रवामुळे पानं चकाकतात, मुंग्या लागतात, मग काळी बुरशी चढते. आपण त्याला आणि माव्याला मिळून चिकटाच म्हणून मोकळे होतो. पण मावा आणि हा तुडतुडा एक नव्हेत. ज्वारीत पट्ट्यांचा विषाणू, मक्याच्या स्ट्राइप विषाणूचा ज्वारीवरचा प्रकार, हा तुडतुडा आणतो, मावा नाही. पानाच्या शिरांना समांतर फिकट पिवळे-पांढरट सलग पट्टे, पेरं आखूड, कणीस पोंग्यातच अडकतं किंवा येतं ते पोचट. हा विषाणू तुडतुड्यात वाढतो आणि अंड्यांतून पुढेही जातो, म्हणजे आजारी रोप जवळ नसतानाही नवं पिल्लू रोग घेऊनच जन्मू शकतं. साडूंना विचारा, शेजारी खरिपाचा मका किंवा ज्वारी उभी होती का, कापणीनंतरच्या धसकटांना फुटवे आले होते का. मालदांडी (रब्बी ज्वारीचा वाण) पेरायच्या आधी ते फुटवे उपटून काढणं हे नंतरच्या फवारणीपेक्षा मोलाचं. पेरणीनंतर पहिला महिना दर चार दिवसांनी पोंगे उकलून बघायचं. पट्टे पडलेली ताटं दिसली की उपटून गाडायची. त्यांना कणीस येणार नाही, उगाच माया करू नये.

गव्हाबद्दल तुम्ही विचारलं नाही, एका ओळीत सांगतो. त्याचा जगभरचा त्रास म्हणजे माव्याने येणारा पिवळ्या खुजेपणाचा विषाणू, १९५१ मध्ये कॅलिफोर्नियात तो ओळखला गेला. हा विषाणू घ्यायला-द्यायला माव्याला तासचे तास बसावं लागतं, म्हणून बीजप्रक्रियेचं औषध बऱ्यापैकी काम करतं.

परत तुमच्या बांधीकडे. पस्तीस दिवसांच्या धानात आज जे खुजे दिसतंय त्याची लागण किमान आठवडा-दोन आठवडे जुनी, कदाचित पऱ्ह्यातलीच. शंभरात दोन-तीन चूड असतील आणि तपासणीत विषाणूचीच लक्षणं दिसली तर ते उपटून चिखलात गाडा. शेजारचे चूड पसरून ती जागा बऱ्यापैकी भरून काढतात. बांधीभर असतील तर उपटून काही साधत नाही. फवारणीचा निर्णय पानांच्या रंगावर घेऊ नका, पाखरांच्या संख्येवर घ्या. पहाटे धुऱ्यावरून नको, बांधीत उतरून वीस चूड बुंध्याशी झटका आणि पाण्यात पडलेली पाखरं मोजा. तपकिरी किंवा पांढऱ्या पाठीचे तुडतुडे चुडामागे दहाच्या आसपास असतील तर मारा. टुंग्रो ठरलेल्या भागात मात्र हिरवे तुडतुडे चुडामागे दोन असले तरी ते पुष्कळ.

मारायचंच असेल तर एकच औषध, नोझल बुंध्याकडे: एकरी पायमेट्रोझिन ५० टक्के १२० ग्रॅम, किंवा डायनोटेफ्युरान २० टक्के ८० ग्रॅम, किंवा ट्रायफ्लुमेझोपायरिम १० टक्के ९४ मिली. डब्यावरचा मजकूर आधी वाचा. दुकानदाराच्या त्या दोन औषधांच्या मिश्रणात सायपरमेथ्रिनच्या जातीचं काही असेल तर स्पष्ट नाही म्हणा. ते कोळी आणि हिरवे मिरीड ढेकूण मारतं, जे फुकटात तुडतुड्यांची अंडी-पिल्लं खात असतात, आणि पंधरा दिवसांनी तुडतुडे दुप्पट होऊन परत येतात. पिवळेपणा घालवायला टाकलेला जादा युरियाही तुडतुड्यांची मेजवानीच.

मला तुमच्या तालुक्यात खरी काळजी वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची. इटियाडोह धरणाच्या पाण्यावर उन्हाळी धान होतं, ते मे महिन्यापर्यंत उभं असतं, आणि जूनमध्ये पऱ्हे पडतात. मधल्या दिवसांत धसकटांना फुटवे येतात. विषाणूला आणि तुडतुड्याला मुक्कामाची सोय अशी बारमाही. इंडोनेशियातल्या दक्षिण सुलावेसीत सत्तरच्या दशकात टुंग्रोने धान बसवलं होतं. १९८० च्या दशकात तिथे भागाभागाची रोवणी ठराविक आठवड्यांत एकत्र आणली, आधीच्या हंगामानंतर शेतं मोकळी ठेवली, वाण आलटून-पालटून लावले, आणि रोग आटोक्यात राहिला. वाण बदलत राहणंही महत्त्वाचं. तुडतुड्याला नावडणारा वाण काही हंगाम टिकतो, मग पाखरू त्याला सरावतं. आपल्याकडे १९८६ मध्ये विक्रमार्य हा टुंग्रोला तोंड देणारा वाण प्रसारित झाला, पण धानपट्ट्यातला माणूस तांदळाची चव आणि बाजारभाव बघून वाण निवडतो, एचएमटी या वाणाची जागा तो सहजी कुणाला देत नाही, आणि त्यात त्याची चूक आहे असं मी म्हणणार नाही. कालव्याच्या एका शाखेवरच्या दहा-बारा शेतकऱ्यांनी पऱ्हे एकाच आठवड्यात टाकणं एवढं तरी जमवता येईल. पंजाबात जूनच्या १५ ते २५ तारखेच्या दरम्यान रोवलेल्या शेतांत खुजेपणा जास्त दिसला आणि उशिराची शेतं तुलनेने वाचली, हे त्यांना सांगा, बैठक थोडी लवकर आटपेल.

आणि नमुना तपासायला पाठवायचा असेल तर पिवळं पडून वाळलेलं पान नको. लक्षणं नुकती दिसू लागलेले दोन-तीन चूड आणि एक निरोगी चूड मुळासकट घ्या, माती झटका, मुळं ओल्या पोत्याच्या तुकड्यात गुंडाळा, पानं कोरड्या वर्तमानपत्रात ठेवा. प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद केलं तर उन्हात उकडून दुसऱ्या दिवशी नुसता लगदा पोचतो. सोबत चिठ्ठीत वाण, पऱ्हे टाकल्याची आणि रोवणीची तारीख, टाकलेलं खत, मारलेलं औषध आणि खुजे चूड बांधीच्या कोणत्या बाजूला जास्त आहेत त्याचं वेडंवाकडं का होईना चित्र. ते चित्र मला कधीकधी पानांपेक्षा जास्त सांगतं.